पाच रुपयांचं पाकीट आणि तव्यावरच्या मक्याच्या काड्या



बोईसरच्या कुठल्याही वस्तीतल्या किराणा दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. सालवड असो, पास्थळ असो, सरावली असो, दुकानाच्या तोंडाशी दोरीला रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. आई-बाप दोघंही कंपनीत, शाळा सुटलेली, घरात कुणी नाही आणि मुलाच्या हातात पाच रुपये. पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एकदा ते पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं मुलाकडूनच वाचून घ्या. त्या कुरकुरीत काड्या कशाच्या असतात? मक्याचा भरडा, तांदळाचं पीठ, थोडं बेसन, पाम तेल, मीठ आणि मसाला. म्हणजे आपलं मूल रोज मकाच खातं. तोच मका आपण घरी शिजवला तर मात्र नाक मुरडलं जातं. “काय गरिबाचं खाणं केलंस?” असं घरातलंच माणूस विचारतं.

या नाक मुरडण्यामागे इतिहास आहे, म्हणून त्याला हसून चालणार नाही. मराठवाड्यातून, नगर-सोलापूरकडून इथल्या एमआयडीसीत आलेल्या घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांना 1972चा दुष्काळ आठवतो. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा आणि दुष्काळी कामांवर सुकडी. मिलो ही खरं तर लाल ज्वारी, मका नव्हे. पण परक्याने दिलेलं भरड धान्य म्हणजे लाचारी, ही खूणगाठ मनात बसली ती बसलीच. त्याच्या आधीच्या पिढ्यांनी तर गावकीचं उष्टं-शिळं खाल्लं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा प्रश्न स्वाभिमानाचा होता. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात आपल्या माणसांच्या चुलीवर काय शिजत होतं ते लिहून ठेवलं, त्यात लाज धरण्यासारखं काही नाही हेही दाखवलं.

मला वाटतं ते असं, की स्वाभिमानाचा हिशोब आपण चुकीच्या जागी करतोय. कण्या, घाटा, आंबील, भाकरी हे आपल्या कष्टाचं अन्न. त्याची लाज वाटते, आणि स्वस्तातलं तेल व मीठ मारलेलं पाकीट मुलाच्या हातात असलं की ते सुधारल्याचं लक्षण वाटतं. पूर्वी उरलंसुरलं ओंजळीत टाकायचे, आता ते चकचकीत करून पाच रुपयाला विकतात.

पैशाचा हिशोबही करून बघा. पाकिटावर वजन छापलेलं असतं. 5 रुपयांत 20 ग्रॅम माल असेल तर किलोला 250 रुपये पडले. 2024-25च्या हंगामासाठी सरकारने मक्याचा हमीभाव क्विंटलला 2,225 रुपये ठरवला होता, म्हणजे किलोला सव्वाबावीस रुपये. मधले पैसे हवेला, रंगाला आणि जाहिरातीला जातात.

आता मिठाचं. पाकिटावर ‘सोडियम’ असा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी, लोणचं, पापड, सुकट सगळं आलं. मुलांना याहून कमी. बीपी मोजायचं शिबिर लावलं की चाळिशीच्या आतले पुरुष वाढलेलं बीपी घेऊन समोर बसतात. नाईट शिफ्ट, झोपेचे हाल, तंबाखू आणि मीठ यांची ती बेरीज असते. जिभेला मिठाची ही सवय लहानपणीच लागते.

दुसरीकडे रक्त नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये शंभरातली जवळजवळ 69 मुलं रक्तक्षयी निघाली. पाकिटाने पोट भरलं की मूल रात्री भाजी-भाकरीला हात लावत नाही. माझा पाकिटावरचा राग मुख्यतः या एका गोष्टीसाठी आहे. आणि पाकिटासोबत चहा दिला तर जेवणातलं थोडंफार लोहसुद्धा अंगी लागत नाही.

नुसतं “देऊ नका” म्हटल्याने मूल ऐकत नाही, त्याला कुरकुरीतच हवं असतं. मोबाईलवर फ्रेंच फ्राईज बघून तेही मागतं. म्हणून ही कृती. इटलीत मक्याच्या घाट्याला पोलेंटा म्हणतात. तो थापून, कापून, भट्टीत भाजून त्याच्या काड्या करतात आणि मोठ्या हॉटेलात त्या महाग विकल्या जातात. आपल्याला हे नवं नाही. पाटवडी आपण अशीच थापतो, फक्त पीठ वेगळं. ओव्हन लागत नाही, तवा पुरे.

एक वाटी मक्याचा जाडसर रवा घ्या. दुकानात नसेल तर वाळलेला मका गिरणीत भरडून आणा. त्यात अर्धी वाटी बेसन घाला आणि दोन्ही एक वाटी थंड पाण्यात कालवून ठेवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद परता. तीन वाट्या पाणी घालून उकळी आणा. अर्धा चहाचा चमचा मीठ, त्याहून जास्त नको. मग मूठभर चिरलेला शेवग्याचा पाला किंवा मेथी. शेवगा आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या दारात असतोच, त्याचा पाला लोक फेकून देतात याचं मला नेहमी नवल वाटतं. आता कालवलेलं पीठ हळूहळू ओता आणि हलवत राहा. घट्ट झालं की गॅस अगदी बारीक करा, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं शिजू द्या, मधून मधून तळापासून हलवा. इथे घाई केली तर मका कच्चा राहतो, दाताखाली कचकच लागतो आणि मुलाचं पोट दुखतं. गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला की झालं.

तेलाचा हात फिरवलेल्या ताटात करंगळीएवढ्या जाडीने थापा आणि तासभर पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना कापलं तर मोडतं. मग सुरीने बोटाएवढ्या काड्या कापा. तवा चांगला तापवून दोन चहाचे चमचे तेल पसरा, काड्या एकमेकींना न चिकटवता ठेवा, आच मध्यमपेक्षा कमी. सहा-सात मिनिटं त्यांना हात लावायचा नाही. खालून सोनेरी झाल्या की आपोआप सुटतात. मग उलटा. दोन-तीन बाजू भाजल्या की बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी 200 अंशांवर अर्धा तास ठेवाव्यात, वेगळं काही होत नाही. चार-पाच जणांच्या खाण्याला फोडणी धरून जेमतेम तीन चमचे तेल लागलं. तळणीत याच्या कितीतरी पट लागलं असतं, आणि उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचा मोह झाला असता तो वेगळाच.

वरून लिंबू पिळा, त्याने पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. सोबत कारळ्याची किंवा जवसाची चटणी, नाहीतर सुका जवळा धुऊन भाजून लसणाबरोबर कुटलेला. जवळा किनाऱ्यावरच्या घराला महाग नाही. त्यात प्रथिनं आहेत आणि कॅल्शियमही. पण तो खारा असतो, म्हणून त्या दिवशी काड्यांत मीठ घालूच नका. मक्याऐवजी पाव वाटी नाचणीचं पीठ मिसळलं तर रंग काळपट येतो, मुलं आधी कुरकुरतात, मग खातात. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट.

शिजवायला कंपन्यांच्या आसपासच्या बोअरिंगचं पाणी वापरू नका. उकळल्याने जंतू मरतात, रसायन जात नाही. आणि फ्रीज नसेल तर थापलेलं ताट रात्रभर बाहेर ठेवू नका. आपल्या दमट हवेत शिजलेलं पीठ लवकर बिघडतं. गार झालं की कापा, भाजा, संपवा.

बेसन चवीसाठी घातलेलं नाही, ते वगळू नका. उत्तर इटलीतले गरीब शेतमजूर अठराव्या शतकापासून पोलेंट्यावरच जगत होते आणि त्यांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा. कातडी काळी पडून सोलायची, हगवण लागायची, शेवटी डोकं फिरायचं. अमेरिकेच्या दक्षिणेत कापड गिरण्यांच्या मजूर वस्त्यांतही तोच रोग होता. तिथले डॉक्टर म्हणत, हा जंतूचा रोग, गलिच्छ वस्त्यांचा रोग. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1915च्या सुमारास दाखवून दिलं की रोग जंतूचा नाही, ताटाचा आहे. दूध, मांस, कडधान्य मिळालं की माणूस बरा होतो. आपल्याकडे हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्ये हाच रोग अभ्यासला. मक्याचा शोध ज्यांनी लावला ते मेक्सिकोचे लोक मात्र मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले, म्हणून ते वाचले. रोगाला मका कारण नव्हता, मक्याशिवाय दुसरं काही घ्यायला मजुरी पुरत नव्हती हे कारण होतं. गरिबाच्या आजाराला गरिबाची घाण जबाबदार धरायची सवय जुनी आहे आणि आपल्या वस्त्यांबद्दल आजही तेच बोललं जातं. म्हणून मक्याबरोबर डाळ, बेसन, अंडं, मासळी, काहीतरी हवंच, आणि मका रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

मका घेताना वास घ्या. पक्ष्यांना, कोंबड्यांना घालायचा स्वस्त मका माणसासाठी आणू नका. 1974 साली अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात शंभरहून जास्त माणसं यकृत खराब होऊन दगावली. बहुतेक आदिवासी होती, घरात दुसरं धान्य नव्हतं. बुरशीचं ते विष धुऊन किंवा शिजवून जात नाही. आपल्या पावसाळ्यात पीठ आठवडाभरापुरतंच दळा आणि हिरवा-काळा डाग दिसला तर सरळ टाकून द्या.

आता हे करायचं कुणी? फर्स्ट शिफ्टला पहाटे उठून गेलेल्या बाईनेच संध्याकाळी पातेलं हलवायचं असेल तर मी हा लेख लिहायलाच नको होता. नाईट करून झोप झालेला बाप चार वाजता घरी असतो. वीस मिनिटं घाटा हलवायला पदवी लागत नाही. बारा-तेरा वर्षांचा मुलगा काड्या कापू शकतो, मुलीलाच हाक मारायची गरज नाही.

विहारातही बदल व्हायला हवा. रविवारी वंदनेनंतर लहान मुलांना बिस्किटाचे पुडे आणि हीच पाकिटं वाटली जातात. 14 एप्रिलला तर खोकीच्या खोकी येतात, कुणा पुढाऱ्याच्या नावाची. बुद्ध पौर्णिमेला आपण खीर घरी शिजवून वाटतो ना? मग रविवारच्या खाऊला महिला मंडळाने आणि युवक मंडळाने आळीपाळीने काड्या, उकडलेले चणे, शेंगदाणे ठेवावेत. वर्गणी वाढत नाही, उलट थोडी उरते.

राहिली रेशनची गोष्ट. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्याचंही नाव आहे. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असे दर त्यात लिहिले होते, जानेवारी 2023पासून हे धान्य मोफत झालं. त्याच 2023 साली भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, मोठमोठ्या हॉटेलांत नाचणीचे पदार्थ वाढले गेले. आपल्या पिशवीत पडतात ते बहुतेक वेळा तांदूळ आणि गहूच. नाचणी पिकते याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावर. ती पालघरच्या रेशन दुकानात यावी ही मागणी वस्तीवस्तीतल्या महिला मंडळांनी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी द्यायला हवी. साधा कागद चालतो. खाली जितक्या बायांच्या सह्या तितकं बरं, सोबत प्रत्येकीचा रेशनकार्ड क्रमांक. दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.