मनीऑर्डरीचा बाप



आम्ही रत्नागिरीची माणसे. आमच्याकडे कपाशी नाही. भात, नाचणी, आंबा, काजू, आणि उरला तो कातळ. मग कपाशी-ज्वारीवाल्यांच्या बैठकीच्या अंकात आम्ही का लिहावे? त्याला कारण तुमचाच कापूस. वऱ्हाड-खानदेशातल्या गाठी मुंबईच्या गिरण्यांत जायच्या आणि तो कापूस कातायला-विणायला आमच्या गावांतले बाप जायचे. कापसाला काय भाव मिळाला आणि कामगाराला काय मजुरी मिळाली, याचा हिशेब बैठकांतून पुष्कळदा झाला आहे. बाप गेल्यावर घरी जे लेकरू राहिले, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

१९९१ च्या शिरगणतीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,२०५ बाया होत्या. २०११ सालीही १,१२२ होत्या. शहरातले विद्वान हा आकडा वाचून म्हणतात, वा, बाईला मान देणारा जिल्हा! मान कसला घेऊन बसलात? मोजणीच्या वेळी पुरुष लालबाग-परळच्या खोल्यांत होते, एवढाच त्याचा अर्थ.

त्या पुरुषांची पोरे आमच्या वाडीवाडीत वाढली. बाप म्हणजे महिन्याची मनीऑर्डर आणि तिच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलेल्या दोन ओळी. आईला वाचता यायचे नाही, म्हणून त्या ओळी पोरानेच वाचून दाखवायच्या. घरात किती अडचण आहे, बापाकडे किती पैसा नाही, हे त्याला आठव्या-नवव्या वर्षीच कळायचे. बाप वर्षातून दोनदा दिसायचा, शिमग्याला आणि गणपतीला. येताना गोळ्या-बिस्किटे आणि नवा सदरा आणायचा. लहान पोर त्याला बघून आजीच्या लुगड्याआड दडायचे. त्याची जरा ओळख पटते न पटते तोच रजा संपायची. पुष्कळ घरांत पोरे आजोबांनाच बाबा म्हणायची. पोराला आपले नाव-गाव ठाऊक असे, पण बापाचा स्वभाव ठाऊक नसे. मोठेपणी स्वतः बाप झाल्यावर लेकराशी काय बोलावे, हे त्याने कुठे पाहिलेलेच नसे.

तरीही ही पोरे तगली. आई घरात होती. आजी होती, चुलत्यांची घरे एकाच वाडीत होती. शेत आणि घर जागेवर होते, आणि गणपतीला बाप येणार हे नक्की होते. लेकराला वाट बघता येते. कुणाची आणि कधीपर्यंत बघायची, तेवढे त्याला कळले पाहिजे.

साने गुरुजी आमच्याच पालगडचे. शिकण्यासाठी दापोली, औंध, पुणे असे घराबाहेर राहिले. १९१७ साली आई गेली तेव्हा लेक जवळ नव्हता. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. मधे सोळा वर्षे गेली, तरी ती ओढ तशीच होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी आमच्या गावांत परतले. बाप कायमचा घरी आला म्हणून पोरांना आनंद व्हायला हवा होता. पण बाप आला तो रिकाम्या हाताने, चिडलेला. पोराच्या दृष्टीने घरात एक परका माणूस आला आणि तो हुकूम सोडू लागला. कारकुनांना नोकरीचे नुकसान मोजता आले. हे नुकसान मोजायला त्यांच्या वहीत रकानाच नव्हता.

आता तुमच्याकडे बघा. आमच्याकडून एकटा पुरुष जायचा. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला कोयता जातो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आईसुद्धा घरात नाही. लेकरू बरोबर नेले तर शाळा बुडते, म्हाताऱ्या आजीपाशी ठेवले तर सहा महिने दोघेही दिसत नाहीत. आमच्या मुलखात लेकरांना जे राखून होते, तेच इथे गेलेले आहे.

आणि ज्या घरात कर्त्याने फास घेतला, त्या घराची गोष्ट याहून कठीण. दिवस सरले की सातबाराची कुजबुज सुरू होते. सुनेला माहेरी धाडतात, पोर वारस म्हणून ठेवून घेतात. बाप गेलाच होता. जमिनीपायी पोराची आईही तुटते. पुन्हा त्याला सांगायचे काय? “तुझा बाप मुंबईला गेलाय.” आमच्या मुंबईचे नाव अशा कामासाठी वापरू नका! चार वर्षांनी पाणवठ्यावर दुसरे पोर त्याला खरे सांगते, आणि तेव्हापासून ते घरातल्या कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. लेकराला समजेल अशा शब्दांत, आईने किंवा आजीने, खरे सांगावे. दत्तक गेलेल्या मुलालासुद्धा अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधण्याची मुभा कायद्यात आहे, जन्मदात्या आईच्या मर्जीला धक्का न लावता. मग आपल्याच घरातल्या पोराला आपला बाप माहीत असायला नको?

यात आम्ही काही नवे सांगत नाही. जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली अहवाल लिहिला, त्यात आईपासून तुटलेल्या लेकराच्या मनाची हानी मांडली होती. रुमानियात १९८९ नंतर अनाथालयांची दारे उघडली, तेव्हा खायला मिळूनही खुरटलेली, बोलणे मागे पडलेली पोरे जगाने पाहिली. पुढच्या अभ्यासात असे दिसले की त्यांतली जी दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली, ती जास्त सावरली.

म्हणून शहरातली एखादी संस्था गाडी घेऊन गावात येते आणि “तुमच्या अनाथ मुलांना आम्ही नेतो” म्हणते, तेव्हा हारतुरे घालण्याआधी थोडे थांबा. त्यांच्या हेतूवर आमचा संशय नाही. पण आई जिवंत असलेल्या पोराला अनाथ कोणी ठरवले? २०१५ च्या बालन्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. पोर नेण्याऐवजी त्याच्या आईला पैसा द्यावा, अशी योजना राज्यात आहे. बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलामागे महिन्याला रक्कम मिळते, २०२३ पासून ती २,२५० रुपये केलेली आहे. आत्महत्येनंतरच्या एक लाखाची चर्चा गावभर होते, या योजनेचे नाव मात्र कुणी काढत नाही.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समितीची. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, पासबुक असे कागद लागतात. ते गोळा करताना विधवा बाई थकून जाते, तेव्हा गावातल्या दोन कार्यकर्त्यांनी तिच्याबरोबर जावे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातल्या अशा लेकरांची यादी आणा, आणि आई कुठे आहे ते प्रत्येक नावापुढे लिहा.