शेवटचा तुकडा

दिवाळीत वड्या कापायचे काम आमच्याकडे धाकट्या चिरंजीवांचे. अट एकच: जो कापील त्याने आपली वडी सर्वांत शेवटी उचलायची! ही अट घातल्यापासून सगळ्या वड्या कशा फूटपट्टीने आखल्यासारख्या पडतात.

हीच युक्ती अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या १९७१ सालच्या ग्रंथात केकच्या दाखल्याने सांगितली आहे. समाजाचे नियम ठरवताना आपण अज्ञानाच्या पडद्याआड बसलो आहोत असे समजा. आपण धनी की चाकर, हुशार की मंद, काहीच ठाऊक नाही. मग सर्वांत तळच्या माणसाचे हित कोण विसरेल?

प्रश्न सुटला म्हणावे, तो २००९ साली अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस'मध्ये तीन मुले आणि एक बासरी पुढे आणली. एकीला ती वाजवता येते, दुसऱ्याजवळ एकही खेळणे नाही, तिसरीने ती महिनोन्महिने खपून तयार केली. द्यायची कोणाला? तिघांचेही म्हणणे खरे! येथे फूटपट्टी संपते आणि निवाडा सुरू होतो. हाना आरेंट (१९०६–१९७५) या विदुषीने कांटचा आधार घेऊन सांगितले, की राजकारणातला निवाडा करायचा तर मनाने दुसऱ्यांच्या जागी जाऊन पाहावे लागते.

आमच्या घरीही यंदा बासरी निघाली. पोस्तीसाठी रक्कम ठरलेली. धुण्याभांड्याच्या बाई दहा वर्षांच्या जुन्या. स्वयंपाकाच्या बाई नव्या, पण घरात मिळवत्या त्या एकट्याच. मी म्हणालो, "जुन्या माणसाला जास्त." सौभाग्यवती म्हणाल्या, "गरज ज्याची मोठी त्याला." तासभर वाद रंगला. मग नजर यादीकडे गेली आणि दोघेही गप्प झालो. कपडे, फराळ, फटाके, सारे वजा करून उरले ते 'पोस्त' म्हणून शेवटी लिहिले होते. कापणारे आम्ही, शेवटचा तुकडा मात्र त्या दोघींचा!

यादी पुन्हा केली. दोघींचा एकेक महिन्याचा पगार पहिल्या ओळीत लिहिला. फटाके निम्मे झाले. चिरंजीव जरा कुरकुरले. पण नियम त्यांच्याच वड्यांचा होता.