उसाचा फड आणि भयाचा प्रत्यय

भयपट पाहून कोण भितो आणि कोण भीत नाही, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः प्रेक्षकाच्या वयात, शिक्षणात वा अंधश्रद्धेत शोधले जाते. नागर प्रेक्षक भुताखेतांवर विश्वास न ठेवताही भयाचा कलात्मक आस्वाद घेतो, ग्रामीण प्रेक्षक मात्र श्रद्धेपोटी घाबरतो, अशी एक सोयीची विभागणी त्यामागे असते. ही विभागणी तपासून पाहावयाची तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांइतका उपयुक्त प्रदेश क्वचितच सापडेल. भयपटांत जी दृश्ये भयाची उपकरणे म्हणून योजली जातात, त्यांतील काही येथे रोजच्या जगण्याचा भाग आहेत.

2017 साली प्रदर्शित झालेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. शहरातील एक गर्भवती स्त्री पतीसमवेत उसाच्या फडांनी वेढलेल्या एका एकाकी घरात आश्रयाला येते. तिच्या सुटकेच्या वाटा त्या फडात हरवतात. नागर प्रेक्षकाला फड भयावह वाटतो, कारण त्यात नजर पोहोचत नाही आणि दिशा कळत नाही. रस्ता, दिवा आणि माणसांचा वावर या ज्या गोष्टींवर त्याची सुरक्षितता उभी असते, त्या सर्व तेथे एकाच वेळी हिरावल्या जातात.

कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला तोच फड असा अनोळखी नाही. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या या पिकाने बिबट्यालाही आसरा दिला. फडातच माद्या वितात आणि तोडणीच्या वेळी बछडी सापडतात. 2001 नंतरच्या काही वर्षांत जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ले वाढले. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्या अनुभवानंतरचेच. म्हणजे येथील प्रेक्षकाला उसातल्या संकटाची कल्पना करावी लागत नाही. मग पडद्यावरील फड पाहून तो अधिक भितो की कमी?

वरवर पाहता अधिक, असे वाटेल. परंतु लौकिक भय माणसाला केवळ भिववीत नाही, ते त्याला व्यवहारही शिकविते. रात्री पाणी द्यायला जाताना विजेरी घ्यावी, एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलावे किंवा गाणी लावावीत, वाकून काम करताना सावध असावे, हे ज्ञान येथे घरोघरी आहे. पडद्यावर फडातून येणारा आवाज भयाची सूचना देतो, तर येथे माणूस स्वतःच आवाज करून संकट दूर ठेवतो. बिबट्या जीव घेऊ शकतो, पण तो सृष्टीच्या क्रमाबाहेरचा नाही. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात तर वाघोबा हा पुजला जाणारा देव आहे. नोएल कॅरल या अभ्यासकाने 1990 सालच्या आपल्या ग्रंथात भयकथेतील राक्षसाची दोन लक्षणे मानली: तो घातक असतो आणि सृष्टीच्या ठरलेल्या वर्गांत न बसल्याने किळसवाणाही असतो. बिबट्यात पहिले लक्षण आहे, दुसरे नाही. म्हणून त्याच्या वस्तीचा फड येथील प्रेक्षकाला सावध करील, पण भयपटाला अपेक्षित असलेला थरकाप त्याच्या ठायी उत्पन्न करीलच असे नाही.

हा थरकाप येथील प्रेक्षकाला ‘लपाछपी’त अन्यत्र गवसतो, असे मानण्यास जागा आहे. गरोदर स्त्रीला माहेरी न नेता परक्या घरी आणणे, हेच मुळात रूढीशी विसंगत आहे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे हा मराठी स्त्रीचा हक्काचा आधार. त्या आधाराच्या जागी येथे तुळसाबाई उभी राहते. ती खाऊ घालते आणि काळजी घेते. जिने सांभाळावे तिच्यापासूनच पळावे लागते, आणि त्या घराच्या भूतकाळात मुलगी नको म्हणून झालेल्या हत्या दडलेल्या असतात. ज्या प्रेक्षक स्त्रीने सासरच्या मायेतला हा दुसरा सूर कधीतरी ऐकला असेल, तिला भिण्यासाठी उसाच्या फडाची वा भुताची गरज नाही. दोघेही प्रेक्षक आपापला आधार डळमळल्यानेच भितात. एकाचा आधार दृष्टी असते, दुसरीचा नाते.

या ठिकाणी रसचर्चेतील एक जुना सिद्धान्त आठवणे अपरिहार्य आहे. ‘शाकुन्तला’तील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन अभिनवगुप्ताने दाखविले की, काव्यातील भय विशिष्ट हरिणाचे राहत नाही. देशकालाच्या बंधनातून सुटलेले भयच तेवढे आस्वादाला उरते. स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे हे त्याने रसास्वादातील विघ्नांत गणले आहे. या विघ्नाचे उदाहरण आंबेगाव तालुक्यातच आहे. 30 जुलै 2014 रोजी अतिवृष्टीत डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसत नाही हे प्रथम एका एस. टी. चालकाच्या लक्षात आले. राही अनिल बर्वे यांच्या 2018 सालच्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटात अखंड कोसळणारा पाऊस देवांच्या कोपाचे रूप घेतो, आणि तो पाहताना अन्यत्रचा प्रेक्षक मोहून जातो. माळीणच्या आप्तांना मात्र तो पाऊस कोपाचे रूपक म्हणून पाहणे शक्य होईल काय? त्यांनी मान फिरविली तर तो रसिकतेचा अभाव म्हणता येणार नाही.

तात्पर्य, भयपटाचे भय पडद्यावरील वस्तूत नसते. प्रेक्षक ज्याच्या भरवशावर जगतो ते चित्रपटाने कितपत हिरावून घेतले, यावर ते ठरते. ती वस्तू अगदी अपरिचित असेल तर केवळ दचकणे घडते, आणि जखमेइतकी जवळची असेल तर आस्वादच थांबतो. खरे भय या दोहोंच्या मधल्या जागेत राहते, आणि ही जागा प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी असते.

महाविद्यालयीन अध्यापनात या निष्कर्षाला महत्त्व आहे. नारायणगाव वा मंचरच्या वर्गातील विद्यार्थ्याने ‘यात भिण्यासारखे काय आहे?’ असे विचारले, तर त्याला अरसिक ठरवून पुढे जाण्याची घाई नको. नागर प्रेक्षकाचे दचकणे हे भयाचे प्रमाण मानण्याची सवय त्या प्रश्नाने उघडी पडते. शहरातील प्रेक्षक चित्रगृहातून दिव्यांच्या रस्त्यावर येतो आणि त्याचे भय तेथे संपते. तमाशाची पंढरी म्हणविणाऱ्या नारायणगावात रात्रीचा खेळ पाहून निघालेल्या माणसाला उसामधल्या वाटेने घर गाठायचे असते. भयानक रसाची मराठीतील मीमांसा त्याच्या अनुभवाला वगळून पुरी होणार नाही.