राखीव गडी

गेल्या वर्षी आमच्या गॅदरिंगला ऐन नाटकात वीज गेली. “घाबरू नका, जनरेटर आहे!” प्राचार्य रुबाबात म्हणाले. जनरेटर होता, पण दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता आणि त्याच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता. तिसरा अंक मोबाइलच्या उजेडात पार पडला.

प्रेक्षकांत माझा एक जुना विद्यार्थी होता. बारावीला मराठीत जेमतेम तरलेला हा मुलगा आज उपग्रहाच्या भूकेंद्रावर इंजिनिअर आहे. चहा पिताना म्हणाला, “सर, आमच्याकडे असं झालं तर धडगत नाही!”

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच. तिथवर संदेश पोहोचवायचा, तर आधी तो प्रवर्धकातून बलवान करावा लागतो. हे यंत्र बसले, की दिवाळीचा कार्यक्रम तुमच्या घरी पोहोचलाच म्हणून समजू नका! म्हणून ते जोडीने ठेवतात. एक कामावर, एक राखीव. गंमत अशी, की पुष्कळ ठिकाणी राखीव गडीही स्वस्थ बसत नाही. तोही चालूच असतो. फक्त त्याची शक्ती आकाशात न जाता ‘डमी लोड’मध्ये जाते आणि तिची नुसती उष्णता होते. विंगेत उभे राहून सगळी भाषणे पाठ म्हणणारा बदली नटच म्हणा ना!

दोघांच्या मध्ये स्विच. चार बाजूंनी धातूच्या पोकळ नळ्या येऊन मिळतात आणि आत वाकड्या वाटा कोरलेला एक लाटू असतो. नियंत्रक पेटी कामावरच्या यंत्राची नाडी धरून बसलेली. नाडी मंदावली, की लाटू पाव फेरा फिरतो. राखीव गडी आकाशाकडे, आजारी डमी लोडकडे! पापणी लवेपर्यंत सारे आटोपते.

“आणि स्विचच अडकला तर?” मी मास्तरी शंका काढली.

“म्हणून त्याला हाताने फिरवायची मूठ असते. शिवाय काही बिघडलेलं नसताना आम्ही मुद्दाम जागा बदलून पाहतो. साहेबांना ते रुचत नाही. चालत्या गाडीला खीळ कशाला, म्हणतात.”

साहेबांचेही अगदीच चूक नाही. बदलताना क्षणभर संदेश तुटतो. पण मग त्याने 1998 ची हकीकत सांगितली. 19 मे रोजी अमेरिकेवरच्या ‘गॅलक्सी 4’ या उपग्रहाचा तोल सांभाळणारा संगणक बंद पडला. कथिलाच्या मुलाम्यावर केसासारखे तंतू उगवून शॉर्ट सर्किट झाले असावे, असे पुढे अनुमान निघाले. राखीव संगणक होता. पण तो आधीच नादुरुस्त झाला होता, आणि ते कुणाच्या ध्यानातच आले नव्हते! उपग्रहाने पृथ्वीकडची नजर फिरवली. देशातले बहुतेक पेजर मुके झाले. डॉक्टरांना बोलावणी पोहोचेनात, पेट्रोल पंपांवर कार्डे चालेनात. मग जागोजागी अँटेना दुसऱ्या उपग्रहाकडे वळवत बसावे लागले. वर शिडी लावून कोण जाणार?

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे गेलो आणि जनरेटरची जबाबदारी मागून घेतली. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. मराठीच्या माणसाला हे काय सुचले! आता दर शनिवारी पंधरा मिनिटे शिपाई आणि मी तो चालवतो. धूर थेट संस्कृतच्या वर्गात जातो. तिथून तक्रारीच्या दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.