पंच कुठायत?

या रविवारी एका इंग्रजी पेपरच्या पुरवणीत चार नव्या रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं एकाच रकान्यात कोंबलेली होती. एकेकीच्या वाट्याला शंभरेक शब्द. चारही 'खिळवून ठेवणाऱ्या', तिघींचा शेवट 'चक्रावून टाकणारा', आणि चौथीच्या बाबतीत परीक्षकाने बजावलं होतं की दोनशेव्या पानाच्या आसपास वाचकाने सांभाळून राहावं. राहते की सांभाळून! पुस्तक अजून हातात आलेलं नाही आणि मी आत्तापासूनच दोनशेव्या पानाकडे डोळे लावून बसले आहे. त्याआधीच्या पानांत लेखकाने मला फसवायला काय काय रचलं असेल बिचाऱ्याने. त्यातल्या कशावरही आता माझा काडीचा विश्वास बसायचा नाही. खुनी कोण ते सांगितलं नाही म्हणून परीक्षक स्वतःवर खूश, पण 'धक्का आहे हं' असं आधीच सांगितल्यावर धक्का बसायचा कुणाला?

आमच्या घरी यावर एकमत नाही. नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे, हे रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतात. (मागे इथे ते लिहिलं तेव्हा सोलापूरच्या एका बाईंनी 'काडीमोडाला एवढं कारण पुरे' असं कळवलं होतं.) ह्यांचं म्हणणं, खुनी कळला की मग माणूस निवांत वाचतो, नाहीतर नुसती धावाधाव. वर केगो हिगाशिनोचा दाखला देतात. 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये खून सुरुवातीलाच, वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो, कुणी केला तेही दिसतं, तरी पुस्तक खाली ठेवलं जात नाही. दाखला बिनतोड आहे, म्हणून मी विषय बदलते.

परीक्षकाची पंचाईत मलाही कळते. कथा सांगायची नाही आणि शंभर शब्द तर भरायचे. डोरोथी सेयर्सबाई स्वतः नावाजलेल्या रहस्यकथालेखिका, त्यांनीही १९३० च्या दशकात लंडनच्या 'संडे टाइम्स'साठी हे काम केलं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांना ही अडचण आली नाही. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, पण मोठ्या समीक्षकांनी तिकडे फारसं पाहिलंच नाही. झुंजार आणि काळापहाड यांचं परीक्षण वाचनालयातल्या प्रतीच्या शिवणीवरून व्हायचं. जितकी उसवलेली, तितकी कथा चांगली. मला विचाराल तर रहस्यकथेचं आदर्श परीक्षण अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीवर, इंग्लंडमधल्या औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकात आलं होतं. पहिल्या महायुद्धात बाईंनी इस्पितळाच्या औषधखान्यात काम केलेलं, त्यामुळे विषाचं सगळं चोख. त्या परीक्षणाने कौतुक केलं ते याचंच. धक्का नाही, वळण नाही, विष बरोबर आहे. बाईंना ते फार आवडलं होतं.

तेव्हापासून माझं मत आहे की ही पुस्तकं त्या त्या धंद्यातल्या माणसांकडे द्यावीत. विषप्रयोग असेल तर कंपाउंडरकडे, तिजोरी फोडली असेल तर किल्ल्या बनवणाऱ्याकडे. म्हणून एका तरुण लेखकाची नवी मराठी कादंबरी मी आमच्या शेजाऱ्यांकडे दिली. ते पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. सोसायटीने 'सहायक' कधीच गाळून टाकलंय.

दोनच दिवसांत बेल वाजली. हातात पुस्तक, कानाला पेन्सिल.

"वहिनी, पंच कुठायत?"

"कुठले पंच?"

"बॉडी मिळाली, चाकू मिळाला, ह्या साहेबाने चाकू रुमालात गुंडाळून खिशात घातला. पंचनामा कोण करणार? चाकू कोर्टात टिकायचा नाही. आता तर जप्तीचं मोबाइलवर शूटिंगपण करावं लागतं."

मग चहा झाला आणि पंच मिळवणं ही काय चीज आहे ते मला कळलं. रात्री दोन वाजता रस्त्यात बॉडी मिळाली की पोलिसाला आधी खुनी नको असतो, दोन पंच हवे असतात. जीप दिसली की रिक्षावाले मीटर टाकून पसार, पानवाल्याचं शटर खाली. दूधवाला सापडला तर म्हणतो, दूध नासेल. बिचाऱ्यांचंही खरं आहे. आज सही केली तर सात-आठ वर्षांनी समन्स येतं आणि वकील विचारतो, चाकूची मूठ काळी होती की तपकिरी? फौजदारांनी एकदा लग्नाच्या वरातीतला बेंडबाजावाला पंच म्हणून घेतला होता. अंगात लाल कोट, खांद्याला ट्रम्पेट. पुढे साक्षीला तोच एकटा शब्दाला पक्का राहिला म्हणे.

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे. कथा दिवाळी २०२५ मधली आणि इन्स्पेक्टर गरजतो, 'तीनशे दोन लावीन!' तिथे शेरा : '१०३(१) पाहिजे. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता.' सकाळी पोस्टमॉर्टेम आणि संध्याकाळी डीएनएचा अहवाल, तिथे नुसतंच 'हा हा'. साहेब तीन आठवडे या एकाच खुनामागे, तिथे : 'ह्याला बंदोबस्त नाही का?' हे मात्र त्यांना मनापासून लागलेलं दिसलं. "मंत्री यायचा असला तर खुनाचा तपास ठेवून हेलिपॅडवर उभं राहावं लागतं, वहिनी. ह्याच्या पोलीस स्टेशनात गणपतीपण बसत नाहीत."

"काहीच आवडलं नाही का हो भाऊ?"

त्यांनी पानं उलटून एक जागा दाखवली. एक हवालदार रात्रभर प्रेताजवळ राखणीला बसतो आणि पहाटे बायकोला फोन करून विचारतो, गॅसचा नंबर लावला का. कथेच्या दृष्टीने अगदी बिनकामाचा परिच्छेद, मी वाचताना ओलांडून गेले होते. त्याच्याखाली रेघ आणि शेरा : 'बरोबर.'

"पण पुढे एकही शेरा नाही," मी म्हटलं. पेन्सिल निम्म्यावरच थांबली होती.

"पुढे वाचलंच नाही. संशयिताला तिसऱ्या प्रकरणात अटक केली ना? दहावं प्रकरण सुरू होतं 'चार महिन्यांनी'. मधे चार्जशीटचं नाव नाही. खुनाला नव्वद दिवसांत चार्जशीट गेली नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क आहे. सुटला तो. आता काय वाचायचं?"

शेवटचं पान आधीच वाचून बसलेले हे पेपराआड खुसखुसत होते. ते का, हे मी इथे सांगणार नाही.