चित्रांतून सुटलेली पाटी

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना सावित्रीबाई फुले बहुधा चित्रमय चरित्रातूनच प्रथम भेटतात. त्यात एक चित्र हमखास असते: शाळेकडे निघालेल्या सावित्रीबाई आणि अंगावर येणारा चिखल. प्रसंग खरा आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. १८४० मध्ये विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी त्यांना घरी शिकविले आणि १८४८ मध्ये त्या पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. पाटी घेऊन अडखळत वाचणाऱ्या सावित्रीबाई मात्र चित्रकारांना सहसा सुचत नाहीत. (तेजोवलय बरे सुचते!) १८५५ मध्ये फुले दांपत्याने शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिव्याच्या उजेडात पाटीवर वाकलेले ते प्रौढ विद्यार्थीही चित्रांत यावेत. मुलाला हे पुस्तक वाचून दाखविणारी आई कदाचित स्वतःच अजून अक्षरे जुळवीत असेल.