कॅज्युअल्टीची ओळख पहिल्याच वर्षी व्हायला हवी

2019 पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी रुग्णापर्यंत नेण्याची तरतूद केली. सुरुवातीच्या पायाभूत वर्गात प्रथमोपचार आणि जीवरक्षणाची प्राथमिक कौशल्येही आली. तरीही कॅज्युअल्टीशी त्याचा खरा संबंध शिक्षणाच्या शेवटीच येतो. एक वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये या विभागाच्या वाट्याला फक्त 2 आठवडे येतात.

हा प्रश्न फक्त वेळापत्रकाचा नाही. साप चावलेला शेतमजूर, बांधकामावरून पडलेला कामगार, भाजलेली बाई, मारहाण झालेले कुटुंब यांच्यासाठी मध्यरात्री उघडे असणारे दार सरकारी कॅज्युअल्टीचेच असते. इथे कोण आधी आला किंवा कोणाचा वशिला आहे, यावर क्रम ठरत नाही. ज्याचा जीव धोक्यात तो पहिला. समतेचा हा धडा पुस्तकातून मिळत नाही.

परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पोलिसी सोपस्कारांसाठी जखमीचे उपचार थांबवता येणार नाहीत. उपचारांबरोबर इथे एमएलसीची नोंदही होते. अत्याचाराच्या गुन्ह्यात हीच नोंद न्यायालयात पुरावा ठरते. कोणती जखम कुठे, किती लांब, कशामुळे, हे घाईत अर्धवट लिहिले तर पीडिताचा खटला तिथेच कमकुवत होतो. ही जबाबदारी भावी डॉक्टरला लवकर कळलेली बरी.

मात्र धोकाही खरा आहे. मनुष्यबळ अपुरे असलेल्या रुग्णालयात ‘शिकणारा विद्यार्थी’ पाहता पाहता स्ट्रेचर ढकलणारा, रक्ताचे नमुने पोहोचवणारा फुकटचा कामगार होतो. घरातून पहिल्यांदाच डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींना सिनियरला नाही म्हणणे अधिकच जड जाते. 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील घटनेने ड्युटीवरील डॉक्टरांच्या सुरक्षेचे वास्तवही उघडे केले.

म्हणून अटी लेखी असाव्यात. पहिल्या वर्षी फक्त निरीक्षण. सीपीआरचा सराव आधी पुतळ्यावर. प्रत्येक गटामागे एक जबाबदार शिक्षक. सुरक्षा नसेल तर रात्रपाळी नाही. आणि डोळ्यांसमोर मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थ्याशी त्याच दिवशी बोलणे.

वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या तरुणांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ही मागणी अधिष्ठात्यांपुढे मांडावी. यात फायदा विद्यार्थ्याचा आहेच. त्याहून मोठा फायदा उद्या त्याच्यासमोर स्ट्रेचरवर येणाऱ्या माणसाचा आहे.